अँप आलाच नाही, आवाज मात्र आला

इंदूरच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात गिटारवाला हल्ली अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, आणत नाही; पायाशी एक पेटी ठेवतो आणि तिची वायर सरळ मिक्सरला जोडतो. तसल्या एका लोकप्रिय पेटीच्या पडद्यावर 'एसेक्स ए३०', 'ब्रिट २२०४' अशी नावं झळकतात. पहिलं म्हणजे व्हॉक्सचा एसी३०, दुसरं मार्शलचा जेसीएम८००; दोन्ही नावाजलेले अँप. खरी नावं ट्रेडमार्कमुळे घेता येत नाहीत. आवाजावर मात्र कोणाची मालकी चालत नाही. मॉडेलिंगचा, म्हणजे अशा अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करण्याचा, धंदा याच फटीतून आत शिरला.

या अँपचा जीव म्हणजे व्हॉल्व्ह, सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या. त्या इंदूरला नव्या नव्हत्या. २२ मे १९५५ रोजी मालवा हाऊसमधून आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं, तेव्हा घरातला रेडिओ व्हॉल्व्हचाच असे. बटण फिरवलं की आधी आतला दिवा तांबूस व्हायचा, आवाज सावकाश मागून यायचा. १९६१ पासून बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्ह देशातच बनवायला घेतले. गिटारचा खास अँप ही मात्र वेगळी चैन होती. आयातीवर अनेक वर्षं कडक निर्बंध, वर जबर जकात. त्यातून अमेरिकन माल आणलाच तर ११७ व्होल्टचा, म्हणजे सोबत ट्रान्सफॉर्मरही हवा. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक वादक मिळेल त्या अँपवर, नाहीतर थेट मंडपाच्या लाऊडस्पीकरवरच भागवत.

व्हॉल्व्हच्या अँपचं एवढं कौतुक का, याचं उत्तर त्याच्या दोषातच आहे. सिग्नल झेपेनासा झाला की व्हॉल्व्ह लाटेचे माथे एकदम कापत नाही, दाबून गोलसर करतो. त्यातून मूळ सुरात नवे स्वर मिसळतात. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर आपापली भर घालतात. रेडिओच्या इंजिनियरला हा बिघाड वाटे, रॉकवाल्यांनी त्यालाच वाद्य केलं. कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने बासमन हा अँप बास गिटारसाठी काढला होता. लंडनला ड्रम शिकवणाऱ्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ मध्ये त्याचंच सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ तयार झाला, कारण अमेरिकन अँप तिथे फार महाग पडत. हाताशी होते ते ब्रिटिश भाग घातले आणि आवाज बदलला. आयात महाग असणं कधीकधी असंही फळतं; आपल्याकडे ते फळलं नाही एवढंच.

खरं तर व्हॉल्व्ह त्याची जागा घेणाऱ्या छोट्या ट्रान्झिस्टरसमोरच संपायला हवा होता. १९६६ मध्ये फेंडरने ट्रान्झिस्टरचे अँप काढले, ते सपशेल आपटले. १९७५ चा रोलंड जेसी-१२० टिकला, पण त्याच्या स्वच्छ आवाजासाठी. तिकडे रेडिओ-टीव्हीची मागणी आटली आणि पुढच्या काही वर्षांत आरसीए, जीई, मुलार्ड या पाश्चात्त्य कंपन्यांनी व्हॉल्व्हचं उत्पादन गुंडाळलं. सोव्हिएत रशियात ते चालू राहिलं. १९७६ मध्ये एक वैमानिक मिग-२५ घेऊन जपानला पळाला, तेव्हा त्या विमानाच्या रडारमध्ये व्हॉल्व्ह पाहून पाश्चात्त्य तज्ज्ञ चकित झाले होते. गिटारवाल्यांची भिस्त पुढे रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथल्या मोजक्या कारखान्यांवर राहिली. त्यामुळे मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवताच जगभर पळापळ झाली. माझ्या मते व्हॉल्व्ह अँपच्या उद्योगाची खरी दुखरी नस ही आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करून सगळं खापर डिजिटलवर फोडलं जातं.

डिजिटल नक्कल १९९५ च्या रोलंड व्हीजी-८ पासून बाजारात दिसू लागली. लाइन ६ या कंपनीने १९९६ मध्ये अॅक्सिस २१२ हा अँप आणि १९९८ मध्ये राजम्याच्या दाण्यासारखा लालभडक पॉड ही पेटी आणली. सुरुवातीच्या नकला बोटांना फसवत नसत. हळू छेडलं काय, जोरात छेडलं काय, फरक पुरेसा जाणवत नसे. २००६ च्या अॅक्स-एफएक्स या यंत्राने ती तक्रार बरीच कमी केली. २०११ च्या केम्पर या यंत्राने वेगळीच वाट धरली: सर्किटचं गणित मांडायचं नाही, खऱ्या अँपमधून चाचणीचे सूर सोडायचे आणि बाहेर काय पडतं ते मोजून ठसा घ्यायचा. आता न्यूरल अँप मॉडेलर हे मोफत सॉफ्टवेअर हेच काम न्यूरल नेटवर्कने, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमने, करतं.

इंदूरच्या वादकासाठी ही सगळी यंत्रं आयात खुली होऊ लागल्यानंतरची. त्यामुळे व्हॉल्व्हचा अँप आयुष्यात कधी न वापरता थेट त्याच्या नकलेवर वाढलेली पिढी इथे सहज भेटते. 'खऱ्यासारखं वाजतं का' हा वाद तिच्यासाठी पोकळ आहे. तुलना करायला खरं हाताशी होतंच कधी?

कारखानदारांना मात्र पवित्रा बदलावा लागला. २०१९ मध्ये फेंडरने टोन मास्टर मालिकेत आपल्याच ट्विन रिव्हर्बची डिजिटल नक्कल विकायला काढली. मूळ अँप सुमारे २९ किलोचा, नक्कल १५ किलोची. तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलपर्यंत सामान चढवणाऱ्याला आणखी काही पटवावं लागत नाही. मेसा बूगी ही अँपची कंपनी २०२१ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सनकडे गेली. २०२३ मध्ये मार्शल विकत घेतली ती स्टॉकहोमच्या झाउंड इंडस्ट्रीजने. ही कंपनी त्याआधी मार्शलच्या नावाचे हेडफोन आणि ब्लूटूथ स्पीकर बनवत होती. नाव आणि आवाज यांची बाजारात अशी फारकत झाली आहे: नावाचे पैसे कंपनीला मिळतात, पण तिच्या जुन्या अँपचा ठसा कोणी फुकट वाटला तर त्यातून तिला छदामही मिळत नाही.