मात्रेच्या रेघा आणि रेघांमधला गांधार

गेल्या नवरात्राच्या आधी परभणीत माझ्या भाच्याने घरातल्याच एका खोलीत देवीचे एक आराध्यांचे गाणे ध्वनिमुद्रित करायला घेतले. संबळ एका जाणत्या गोंधळ्याने वाजवला आणि कीबोर्ड भाच्याने संगणकाला जोडून स्वतः वाजवला. काही सूर मागेपुढे पडल्यासारखे वाटले, म्हणून त्याने सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे वाजवलेले सूर नोंदवून नंतर दुरुस्त करू देणाऱ्या संगणकीय प्रणालीत, सगळे सूर निवडून ‘क्वांटाइज’ केले, म्हणजे मात्रेच्या जवळच्या रेघेवर ओढले, आणि त्याच क्षणी गाण्याची झुलती चाल जाऊन तिथे काहीतरी अडखळणारे वाजू लागले. “मामा, सगळे सूर रेघेवर बसलेत, तरी गाणं बसेना,” असे त्याने मला फोनवर सांगितले. त्या तक्रारीचे उत्तर शोधताना सिक्वेन्सरचा बराचसा कारभार उलगडतो.

कीबोर्ड सिक्वेन्सरमध्ये नोंदवला जातो तेव्हा तेथे ध्वनी साठत नाही, सूचना साठतात. १९८३ साली ठरलेल्या ‘मिडी’ या मानकानुसार पट्टी दाबताच तीन बाइटची एक सूचना निघते: सूर सुरू झाला, पट्टीचा क्रमांक अमुक आणि दाबण्याचा जोर तमुक. क्रमांक आणि जोर दोन्ही ० ते १२७ या मर्यादेत असतात. पट्टी सोडली की सूर थांबल्याची वेगळी सूचना जाते. पडद्यावर या दोन सूचनांमधले अंतर एका आडव्या पट्टीच्या रूपाने दिसते. ती डावीउजवीकडे सरकवली तर वेळ बदलते, वरखाली सरकवली तर स्वर बदलतो. गायलेल्या आवाजाच्या मुद्रणात अशा सूचना नसतात, फक्त ध्वनीची लहर असते, त्यामुळे तेथे आधी लहरीतून स्वर ओळखून काढावा लागतो. ते काम पुष्कळ अवघड आहे आणि त्याचे शास्त्रही वेगळे आहे.

आता वेळेकडे वळू. सिक्वेन्सर मात्रेचे बारीक भाग करतो, त्यांना टिक म्हणतात. एका मात्रेत ४८० टिक आणि मिनिटाला १०० मात्रांची लय धरली, तर मात्रा ६०० मिलिसेकंदांची आणि टिक सव्वा मिलिसेकंदाचा होतो. एवढ्या बारकाईने नोंदलेला सूर क्वांटाइज करणे म्हणजे तो जवळच्या रेघेवर ओढणे. मात्र या रेघा कोणत्या, हे आपण ठरवायचे असते. भाच्याने मात्रेचे चार भाग करणारी जाळी निवडली होती, म्हणजे रेघा ०, १२०, २४० आणि ३६० टिकांवर होत्या. गाण्याच्या चालीत मात्रेचे तीन भाग पडत होते, म्हणजे सुरांच्या खऱ्या जागा ०, १६० आणि ३२० होत्या. १६० वरचा सूर १२० वर ओढला गेला आणि ३२० वरचा ३६० वर ढकलला गेला. हे दोन्ही सूर ४० टिक, म्हणजे ५० मिलिसेकंद सरकले, आणि तेही एक पुढे तर दुसरा मागे. वादकाच्या हातून झालेल्या मूळ चुका याच्या निम्म्याही नव्हत्या.

तिश्र जातीची, म्हणजे मात्रेचे तीन भाग करणारी जाळी निवडल्यावर चाल परत आली. तरीही मी त्याला ओढण्याचे प्रमाण १०० टक्के न ठेवता ५० टक्के ठेवायला सांगितले. त्यामुळे २० टिक उशिरा पडलेला सूर १० टिक उशिरा राहतो, म्हणजे चूक निम्मी होते आणि हाताचा स्वभाव टिकतो. या कामात दोन गोष्टी तपासाव्या लागतात. सुराची सुरुवात सरकवताना शेवटही सोबत सरकला पाहिजे, नाहीतर सुराची लांबी बदलते. दुसरे असे, की सगळेच सूर सारख्या अंतराने उशिरा पडत असतील, तर बहुधा दोष वादकाचा नसून संगणकाच्या विलंबाचा असतो. सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेणारी यंत्रणा एका वेळी ५१२ नमुन्यांचा साठा करून पुढे पाठवत असेल, तर तेवढ्यानेच सुमारे साडेअकरा मिलिसेकंद जातात. अशा वेळी क्वांटाइज करू नये. सगळा ट्रॅक तेवढाच अलीकडे घ्यावा.

स्वराच्या बाबतीत गाण्याची पट्टी, म्हणजे षड्ज कुठे धरायचा ते, बदलणे सोपे आहे. गायिकेला पांढरी एक झेपली नाही आणि तिने काळी दोन मागितली, तर प्रत्येक क्रमांकात ३ मिळवले की झाले. फक्त तालवाद्यांचा ट्रॅक त्यातून वगळावा लागतो, कारण तेथे क्रमांक म्हणजे स्वर नसून वाद्य असते. कोणता क्रमांक कोणत्या वाद्याचा हे ठरवणाऱ्या जनरल मिडीच्या यादीत ३६ हा बेस ड्रम आहे आणि त्यात ३ मिळवले की ३९ वर टाळी वाजते.

खरी अडचण दोन क्रमांकांच्या मधल्या जागेची आहे. मिडीच्या नेहमीच्या मांडणीत सप्तकाचे १२ समान भाग धरलेले असतात, आणि प्रत्येक भाग १०० सेंटचा असतो. या हिशेबात शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोरा चांगला लागल्यावर त्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा १४ सेंटचा फरक ज्याने एकदा कानात साठवला, त्याला कीबोर्डचा गांधार कायम चढा वाटतो. हा विषय आपल्या मातीतला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात सप्तकाच्या २२ श्रुती, म्हणजे कानाला वेगळे कळणारे सूक्ष्म स्वर, पटवून देण्यासाठी प्रत्येकी २२ तारांच्या दोन वीणांचा प्रयोग मांडला. एक वीणा अचल ठेवायची, दुसरीच्या तारा टप्प्याटप्प्याने उतरवायच्या आणि दोन्ही कानाने ताडून पाहायच्या. दौलताबादचा किल्ला पाहायला जाणाऱ्यांना ही गोष्ट तेथे आवर्जून सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

सिक्वेन्सरमध्ये तार उतरवण्याचे काम ‘पिच बेंड’ करतो. त्याच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि मध्य ८१९२ वर असतो. नेहमीच्या मांडणीत तो वर आणि खाली प्रत्येकी २०० सेंट जातो, म्हणून एका सेंटला सुमारे ४१ पायऱ्या येतात. गांधार १४ सेंट उतरवायचा तर आकडा ७६१९ च्या आसपास ठेवावा लागतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, हवी असेल तर तेथे एका आकड्याऐवजी हळूहळू सरकणारी रेषा काढायची. गांधार संपल्यावर आकडा ८१९२ वर आणायला विसरले, तर पुढचे सगळे सूर उतरलेले वाजतात. शिवाय हा बेंड एका सुराला लागू न होता सगळ्या चॅनलला, म्हणजे सूचना जाणाऱ्या त्या संपूर्ण मार्गिकेला लागू होतो, त्यामुळे गांधारासोबत धरून ठेवलेला षड्जही खाली येतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक सुराला वेगळा चॅनल देणे. २०१८ साली ही पद्धत ‘एमपीई’ या नावाने मानकात आली.

भाच्याच्या गाण्यात शेवटचा प्रश्न उरला तो संबळाचा. गोंधळी कडव्याच्या अखेरीस लय किंचित चढवत होता आणि कीबोर्ड रेघांवर असल्याने मागे पडत होता. संबळाला रेघांवर आणण्याऐवजी आम्ही रेघाच हलवल्या. संबळाच्या दर समेच्या ठोक्यावर मात्रेची रेघ आणून ठेवली, त्यातून लयीचा चढउतार दाखवणारा नकाशा तयार झाला, आणि कीबोर्डचे सूर त्या नकाशाप्रमाणे आपोआप सरकले. या कामाला पूर्ण दुपार लागली, कारण प्रत्येक ठोका ऐकूनच त्याची जागा ठरवावी लागली.