मुलाला आजार सांगावा का? बालकर्करोग आणि मनाचा प्रश्न : पार्श्वभूमी

औषधाने मुलांचा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) काही काळ ओसरल्याची पहिली नोंद १९४८ मधली. पुढची वीसेक वर्षं मुलाच्या मनाला जपणं म्हणजे त्याला काही कळू न देणं, असंच मानलं जाई. 'रक्त कमी आहे' असं सांगून वेळ मारून नेली जाई. यात डॉक्टर आणि पालक एका बाजूला असत, आणि हेतू मायेचाच असे.

१९७० च्या दशकातल्या अभ्यासांनी या लपवाछपवीचा आधारच काढून घेतला. १९७१ च्या एका अभ्यासात सहा ते दहा वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवून गोष्टी रचायला सांगितल्या. जिवावरचा आजार असलेल्या मुलांशी घरी क्वचितच कुणी मोकळेपणाने बोललं होतं, तरी त्यांच्या गोष्टींत मरण वारंवार येत होतं. वॉर्डात मुलांच्या सहवासात राहून केलेल्या निरीक्षणांतही तेच आढळलं. शेजारच्या खाटेवरचं मूल परत आलं नाही, दाराबाहेर मोठी माणसं कुजबुजली, की मुलं ओळखत. आईबाबांना त्रास नको म्हणून गप्प राहत. म्हणजे जपायचं होतं मुलाला, आणि सांभाळून घेत होतं मूलच!

१९८० च्या सुमारास बऱ्या झालेल्या मुलांचा पाठपुरावा झाला. ज्यांना आजार लवकर कळला होता, ती पुढे मनाने जास्त सावरलेली दिसली. मुळात मोकळ्या घरांतच लवकर सांगितलं गेलं असेल, हा आक्षेप रास्त आहे. तरीही लपवण्याच्या बाजूने तितका भक्कम पुरावा कुणी पुढे आणलेला नाही.

पुढे मुलं जगू लागली आणि प्रश्न बदलले. डोक्याला दिलेल्या रेडिएशनचा परिणाम अभ्यासावर, स्मरणशक्तीवर दिसला, म्हणून ते शक्य तिथे टाळलं जाऊ लागलं. स्टेरॉइडच्या दिवसांतली चिडचिड हा हट्ट नसून औषधाचा परिणाम असतो, हेही स्पष्ट झालं. पाठीतून पाणी काढताना भूल देण्याची पद्धत रुळली, तशी सुईची धास्ती कमी झाली. १९९४ मध्ये आघातोत्तर तणावाच्या (मोठ्या धक्क्यानंतर मनात घर करून राहणाऱ्या त्रासाच्या) निदानात जीवघेणा आजारही कारण म्हणून धरला गेला. नंतरच्या पाहण्यांत ही लक्षणं मुलांपेक्षा आईवडिलांमध्ये जास्त आढळली, आणि पालक खचले की मूलही खचतं, हे वारंवार दिसलं.

२०१५ मध्ये मानसिक-सामाजिक काळजीची १५ मानकं प्रसिद्ध झाली. त्यांत मुलाच्या आणि पालकांच्या मनाबरोबर भावंडांना आधार, शाळेत परतणं आणि कुटुंबाची पैशांची ओढाताण यांचाही समावेश आहे.