फायर डॅम्पर आला कुठून?

तांब्याचा बंब ज्यांनी कधी पेटवलाय, त्यांना डॅम्पर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाणी कढत झालं की मधल्या नळीवर झाकण ठेवायचं. वारा कोंडला की विस्तव मंदावतो. इंग्रजीत शेगडीच्या धुराड्यात बसवलेल्या अशाच झडपेला डॅम्पर म्हणत. (आग विझवायला धावून येणाऱ्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो, ही आपल्या भाषेची गंमत.)

इमारतीतला फायर डॅम्पर हा त्याच झडपेचा वंशज, पण त्याच्याकडे कामगिरी वेगळी. मध्यवर्ती एसीचा डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारी पत्र्याची वाट, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचा तर भिंतीला भोक पाडावंच लागतं. भिंत दोन तास आग अडवेल अशी बांधलेली असते आणि तिलाच दोन फुटी चौकोन कापलेला असतो. त्यातून जातो जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा डक्ट. आगीच्या झळीने तो वाकतो, लोंबतो, सांध्यातून सुटतो आणि भोक तेवढं शिल्लक राहतं. म्हणून भिंतीच्या जाडीतच एक पोलादी चौकट बसवतात. तिच्या वरच्या बाजूला पात्यांची घडी घातलेली असते, दुकानाच्या शटरसारखी. ती घडी धरून ठेवतो एक बोटभर लांबीचा पत्रा, ज्याचे दोन तुकडे सहज वितळणाऱ्या धातूचा डाग देऊन जोडलेले असतात. त्याला फ्युझिबल लिंक म्हणतात, आणि सगळी मदार त्या डागावर असते : तो वितळला की पाती खाली पडून भोक बंद करतात.

या डागाची कुळकथा एका दंतवैद्याकडे जाते. बार्नाबस वुड नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने 1860 मध्ये एक मिश्रधातू केला : निम्मं बिस्मथ, बाकी शिसं, कथील आणि थोडं कॅडमियम. हा धातू साधारण 70 अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्याच्या बराच आधी. त्याचा चमचा करून पाहुण्याच्या गरम चहात ढवळायला द्यायचा आणि चमचा गायब झाल्यावर त्याचा चेहरा बघायचा, हा जुन्या प्रयोगशाळांमधला आवडता चावटपणा.

हा गुण खरा कामाला लावला तो गिरण्यांच्या जगाने. कापसाचे तंतू, तेलाने माखलेली लाकडी जमीन आणि दिव्यांची उघडी ज्योत, म्हणजे आगीला आमंत्रणच. हेन्री पार्मलीने 1874 मध्ये आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी आपोआप सुरू होणाऱ्या स्प्रिंकलरचं पेटंट घेतलं. 1881 मध्ये फ्रेडरिक ग्रिनेलने त्यात सुधारणा केली. डाग वितळला की पाणी सुटतं, एवढंच त्याचं तत्त्व. तोच डाग गिरण्यांच्या दारांवरही गेला. लाकडावर पत्रा मढवलेलं जड दार उतरत्या रुळावर टांगायचं आणि दोरी, वजन आणि लिंक यांच्या जोरावर उघडं धरून ठेवायचं. आग लागली की लिंक सुटते आणि दार आपल्याच वजनाने घरंगळत बंद होतं. वीज नको आणि माणूसही नको. डक्टमधला पात्यांच्या घडीचा डॅम्पर (त्याला पडदा डॅम्पर म्हणतात) म्हणजे हेच दार, फक्त आडव्या रुळाऐवजी उभ्या खाचेतून पडणारं.

दार डक्टमध्ये शिरायला आधी डक्ट तर हवेत. विलिस कॅरिअरने 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा आखली, कारण कागद फुगून रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते. 1928 मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथे 21 मजली मिलाम बिल्डिंग उभी राहिली. सगळीच्या सगळी वातानुकूलित अशी ती पहिली उंच कार्यालयीन इमारत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचेने बंद केलेले मनोरे आले आणि खिडकी उघडायची सोय गेली. आता प्रत्येक मजल्याचा श्वास एकाच पंख्याशी जोडलेला होता. पत्र्याच्या वाटा वाढल्या तशा भिंतींतली भोकं वाढली आणि नियमांत डॅम्पर आले. लिंक बऱ्याच ठिकाणी 72 अंश सेल्सियसला सुटणारी. अमेरिकेत 165 फॅरनहाइटची, म्हणजे 74 अंशांची. दोन्हीत फारसा फरक नाही.

या हिशेबात एक चूक होती, आणि माझ्या मते डॅम्परचा सगळा पुढचा इतिहास म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती. लिंक तापमान ओळखते, धूर ओळखत नाही. आगीपासून दहा मजले वर पोचलेला धूर थंड झालेला असतो. लिंकच्या अंगावरून तो निवांत निघून जातो आणि डाग जागचा हलत नाही.

21 नोव्हेंबर 1980 च्या सकाळी, सातच्या सुमारास, लास व्हेगासच्या 26 मजली एमजीएम ग्रँड हॉटेलात हे उघडं पडलं. तळमजल्यावरच्या एका उपाहारगृहात विजेच्या दोषातून आग लागली आणि काही मिनिटांत शेजारचा कॅसिनो पेटला. कॅसिनोत स्प्रिंकलर नव्हते. आग खालीच राहिली, खोल्यांच्या मजल्यांपर्यंत चढलीच नाही. तरी 85 माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक वरच्या मजल्यांवर, धुराने. लिफ्टच्या विहिरी, जिने, इमारतीचे भूकंपासाठी ठेवलेले सांधे आणि हवा खेळवणारी यंत्रणा, या सगळ्यांतून धूर वर गेला. काही डॅम्पर बंद होऊच शकले नव्हते, हेही तपासात दिसलं. ज्याला ज्वाळेची धगही लागली नाही असा माणूस विसाव्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत गुदमरला, ही गोष्ट नियम लिहिणाऱ्यांना फार लागली असावी.

त्यानंतरच्या वर्षांत स्मोक डॅम्परला महत्त्व आलं. यात लिंकचा भरवसा धरत नाहीत. डक्टमधला डिटेक्टर धूर हुंगतो आणि मोटर पाती फिरवते. बहुतेकांत मोटरचं काम उलटं असतं : ती स्प्रिंगविरुद्ध झडप उघडी धरून ठेवते, वीज गेली की स्प्रिंग जिंकते आणि झडप मिटते. अमेरिकेत दोन्हींच्या चाचण्याही वेगळ्या आहेत. यूएल या चाचणी संस्थेचं 555 हे मानक आगीसाठी, तर 555एस धुराच्या गळतीसाठी. आणखी एक खोड उशिरा ध्यानात आली. भट्टीसमोर स्तब्ध हवेत पास झालेला पडदा डॅम्पर पंखा चालू असताना मात्र खाचेत तिरका होऊन अडकू शकतो. मग वाहत्या हवेत मिटणाऱ्या डॅम्परचा वेगळा वर्ग केला गेला.

आपल्याकडे राष्ट्रीय बांधकाम संहिता 1970 मध्ये आली. पुढे 1983, 2005 आणि 2016 मध्ये ती सुधारली. तिच्या चौथ्या भागात आगीपासून संरक्षणाच्या तरतुदी आहेत आणि एसीच्या डक्टमधले डॅम्पर त्यातच येतात. कागद चोख आहे. पण 9 डिसेंबर 2011 च्या पहाटे कोलकात्याच्या ढाकुरियातल्या आमरी रुग्णालयात तळघरात आग लागली. तळघर गाड्यांसाठी होतं, भरलेलं होतं सामानाने. धूर डक्ट आणि शाफ्टमधून वर चढला. खिडक्या काचेने बंद होत्या. नव्वदहून अधिक माणसं गेली आणि त्यांत बहुतेक अंथरुणाला खिळलेले रुग्ण होते. लास व्हेगासहून 31 वर्षांनी तोच धडा, त्याच वाटेने आला.

महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यायचा असतो. पंप सुरू करून दाखवणं सोपं, होजरीलला, म्हणजे आग विझवायच्या गुंडाळलेल्या नळीला, पाणी येतं हे दिसतं, अलार्म वाजतो. डॅम्पर मात्र फॉल्स सीलिंगच्या वर असतो आणि वर कोण चढतं? अमेरिकी नियमांत बसवल्यानंतर एका वर्षाने आणि मग दर चार वर्षांनी प्रत्येक डॅम्पर बघायचा असतो. रुग्णालयांत ही मुदत सहा वर्षांची आहे, कारण तिथे रोजच्या कामात छत उघडणं अवघड.

एकदा एका कार्यालयात मी टॉर्च घेऊन असं छत उघडलेलं पाहिलं. पात्यांच्या घडीवर बोटभर धूळ होती. चौकट आणि भिंत यांच्यात सिमेंटऐवजी थर्माकोलचे तुकडे भरले होते. लिंकच्या शेजारून वेटोळं घालून बांधणीची तार गेली होती. रंगकाम चालू असताना झडप पडून हवा बंद होऊ नये म्हणून कुणीतरी ती बांधली असणार, आणि मग सोडायची राहिली. खाली माणसं मजेत काम करत होती आणि डक्टमधून थंड हवा व्यवस्थित येत होती. डॅम्परची तक्रार कुणी करत नाही, त्याचं हे कारण : तो उघडाच अडकला तरी एसी छान चालतो.

तपासायची रीत तशी साधी. पंखा बंद करायचा, डक्टच्या कडेचं छोटं दार उघडायचं, हात पात्यांच्या वाटेबाहेर ठेवून लिंक आकड्यातून काढायची. पाती खणखणत खाली येतात. खाचेत अडकली नाहीत, तळाशी पूर्ण टेकली, एवढं बघायचं. मग दोन्ही हातांनी घडी वर सारून लिंक पुन्हा अडकवायची. दहा मिनिटांचं काम, डक्टला ते दार ठेवलेलं असेल तर. नसेल तर आधी ग्राइंडर आणून पत्रा कापावा लागतो.