चार अधिक सहा छेद दोन

मोठ्याने म्हणून पाहा: चार अधिक सहा छेद दोन. उत्तर किती? रेघेच्या वर ‘चार अधिक सहा’ असेल तर पाच, नुसताच सहा असेल तर सात. कागदावर रेघ कुठून कुठपर्यंत आहे हे नजरेला लगेच कळतं. कानाला कसं कळणार?

विद्यापीठात गणित शिकणारे अंध विद्यार्थी इथेच अडतात, आणि यात दोष त्यांच्या बुद्धीचा मुळीच नाही. रेघ सांगता येते, हे जन्मापासून अंध असलेले अमेरिकी गणिती अब्राहम नेमेथ यांनी फार पूर्वी दाखवलं. १९५२ मध्ये आलेल्या त्यांच्या ब्रेल लिपीत अपूर्णांक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, दोन्हींसाठी वेगळ्या खुणा आहेत.

आवाजाचं काम केलं संगणकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामन यांनी. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. तरी ते पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात गणित शिकले, पुढे आयआयटी मुंबई आणि मग अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. १९९४ च्या पीएचडीसाठी त्यांनी गणित वाचून दाखवणारी ‘अ‍ॅस्टर’ ही प्रणाली बांधली. अ‍ॅस्टर हे त्यांना वाट दाखवणाऱ्या श्वानाचं नाव! घातांक आला की या प्रणालीचा आवाज वरच्या पट्टीत जातो, पायाशी लिहिलेली अक्षरं आली की खाली उतरतो. लांबलचक सूत्राचा आधी सांगाडा ऐकायचा, मग हवा तो भाग उघडायचा.

हे जमलं, कारण अ‍ॅस्टर लेटेकची, म्हणजे गणिताचा मजकूर खुणांनी टाइप करायच्या प्रणालीची, मूळ फाइल वाचते. लेटेकमध्ये अंश एका महिरपी कंसात आणि छेद दुसऱ्या महिरपी कंसात लिहितात. म्हणजे नोट्स टाइप करतानाच प्राध्यापकांनी सगळी रचना सांगून ठेवलेली असते. नेहमीच्या पद्धतीने पीडीएफ केली की ती पुसली जाते. उरतात पानावर इकडेतिकडे ठेवलेले आकडे. वहीचा फोटो पाठवला तर तेवढंही उरत नाही. ही हानी मला फार खटकते, कारण ती सहज टाळता येते.

त्याच लेटेक फाइलचं मॅथएमएल (वेबपानावर गणित लिहायची भाषा) असलेलं वेबपान करता येतं. हे मानक १९९८ पासून आहे आणि स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर, त्यातून सूत्राची रचना वाचू शकतात. कमी दिसणाऱ्यांना अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. आकृत्या मात्र आपोआप सुटत नाहीत, त्यांचं वर्णन कुणीतरी बसून लिहावंच लागतं.

आणि वर्गात? फळ्याकडे बोट दाखवून ‘हे इकडे नेलं’ म्हणण्याऐवजी एवढंच म्हणावं: अपूर्णांक सुरू, चार अधिक सहा, छेद दोन, अपूर्णांक संपला.