घरून ऑफिसचा फोन: व्हीपीएनवरच्या कॉलचा आवाज का हरवतो, याची पार्श्वभूमी

व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारा बंदिस्त बोगदा, जोडून घरून ऑफिसचा फोन वापरणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. माझं त्यांना ऐकू जातं, त्यांचं मला येत नाही. कॉल लागतो आणि अर्ध्या मिनिटात कट होतो. सकाळी फोन वाजतो, जेवणानंतर वाजतच नाही. बोलता बोलता आवाज तुटतो. नाशिकमध्ये या सगळ्यांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "नेट स्लो असेल, राउटर बंद करून चालू करा." मला हे उत्तर मान्य नाही. या तक्रारींपैकी बहुतेकींचा नेटच्या वेगाशी संबंध नसतो. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेपोटी घेतलेले काही निर्णय एकाच कॉलमध्ये एकमेकांना आडवे येतात. कोणता निर्णय आडवा आला हे तक्रारीच्या स्वरूपावरूनच बरंचसं कळतं, म्हणून हा इतिहास माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात वाटते त्यापेक्षा जुनी आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातली इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट आणि मॅसॅच्युसेट्समधली एमआयटीची लिंकन लॅबोरेटरी यांच्यात अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपावरून, थेट बोलणं झालं. त्या प्रयोगांत डॅनी कोहेन हे प्रमुख नाव. तेव्हाच्या नेटवर्कची शिस्त अशी होती की हरवलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पुन्हा मागवायचं आणि सगळं क्रमाने लावूनच पुढे द्यायचं. फाइल पाठवायला हे उत्तम. बोलण्यात मात्र एक शब्द उशिरा आला तर तो टाकून देणंच बरं, कारण त्याच्यासाठी थांबलं की मागचं सगळं बोलणं थांबतं. कोहेन यांच्यासारख्या आवाजवाल्यांनी हा मुद्दा लावून धरला. १९७८ मध्ये ही शिस्त पाळणाऱ्या टीसीपीचे दोन भाग झाले, हरवलेलं आणि क्रम बघणारं टीसीपी आणि फक्त पत्त्यावर पोहोचवणारं आयपी वेगळे झाले, आणि ऑगस्ट १९८० मध्ये यूडीपी आलं. पाठवा आणि विसरा, एवढंच त्याचं काम. इंटरनेटवरचा फोन याच निर्णयावर उभा आहे.

पुढचे टप्पे भराभर सांगता येतील. व्होकलटेक कंपनीचा इंटरनेट फोन १९९५ चा, आवाज वाहून नेणारं आरटीपी जानेवारी १९९६ चं, आणि कॉल लावणारं सिप मार्च १९९९ चं. जून २००२ मध्ये सिप नव्याने लिहिलं गेलं, आणि आजही चालतं ते त्याच आराखड्यावर. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कॉल लावण्याचा निरोप ऑफिसच्या फोन एक्स्चेंजमार्फत जातो, पण प्रत्यक्ष आवाज शक्यतो एका फोनकडून थेट दुसऱ्या फोनकडे जावा अशी ती रचना आहे. त्यासाठी प्रत्येक फोन निरोपाच्या मजकुरातच लिहून देतो: माझ्यासाठीचा आवाज अमुक पत्त्यावर पाठवा.

गोची इथे होते. सिप आकार घेत होतं त्याच सुमारास इंटरनेटचे पत्ते अपुरे पडू लागले होते. मे १९९४ मध्ये नॅटची, म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रं चालवण्याची, कल्पना मांडली गेली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रत्येकाने आपापल्या जागेत वापरायच्या खासगी पत्त्यांच्या रांगा कायम झाल्या. म्हणून आज इंदिरानगरातल्या घरी आणि सातपूरच्या कारखान्यातही १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्तेच दिसतात. नॅट पॅकेटच्या बाहेरचा पत्ता बदलतं, आतल्या मजकुरातला बदलत नाही. फोन आत काय लिहून बसला आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

व्हीपीएन जोडल्यावर लॅपटॉपला दोन पत्ते मिळतात: घरच्या वायफायचा, समजा १९२.१६८.१.५, आणि बोगद्यातला, समजा १०.८.०.६. सॉफ्टफोनने, म्हणजे लॅपटॉपवरच्या फोनच्या प्रोग्रॅमने, निरोपात चुकून पहिला लिहिला की कॉल लागतो, तुमचा आवाज बोगद्यातून नीट पोहोचतो, पण समोरच्याचा आवाज १९२.१६८.१.५ कडे रवाना होतो. ऑफिसात तो पत्ता एखाद्या प्रिंटरचा असू शकतो. एका बाजूचा आवाज गायब असण्यामागे मला हेच कारण सर्वात जास्त दिसलं आहे. पॅकेट उघडून दाखवणाऱ्या वायरशार्क या प्रोग्रॅममध्ये तो निरोप उघडला की पत्त्याची ओळ डोळ्यांसमोर असते. सॉफ्टफोनच्या सेटिंगमध्ये बोगद्याचा पत्ता निवडून दिला की काम होतं. वेगाचा प्लॅन वाढवून काहीही होत नाही.

अर्ध्या मिनिटात कट होणारा कॉल तर स्वतःची ओळख स्वतःच देतो. घड्याळ लावून पाहा, बहुतेकदा ३२ सेकंद भरतील. सिपमध्ये उचललेल्या कॉलची पोच यावी लागते. ती येईपर्यंत एक्स्चेंज पुन्हा पुन्हा निरोप पाठवतं, पण अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद, एवढंच थांबतं आणि मग कॉल तोडतं. एक्स्चेंजने आपला पत्ता म्हणून बोगद्यातून न पोहोचणारा पत्ता दिलेला असतो, तुमची पोच तिकडे जाऊन हरवते. हा आकडा २००२ च्या दस्तऐवजातला आहे, तुमच्या केबलवाल्याचा त्यात काही हात नाही.

आता बोगद्याचा, म्हणजे व्हीपीएन बांधण्याच्या पद्धतींचा, इतिहास. आयपीसेकचा पहिला मसुदा ऑगस्ट १९९५ चा, पीपीटीपी आणि एल२टीपी यांचे दस्तऐवज जुलै-ऑगस्ट १९९९ चे, आणि जेम्स योनान यांचं ओपनव्हीपीएन २००१ चं. सगळ्यांचं मूळ तत्त्व एक: पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून चिकटवायचं. मेल आणि फाइलसाठी ते वरचं पाकीट क्षुल्लक असतं. आवाजाचं तसं नाही, कारण आवाजाची पॅकेट अगदी लहान असतात. आवाज दाबून लहान करणाऱ्या जी.७२९ या पद्धतीत २० मिलिसेकंदांचा आवाज अवघ्या २० बाइटमध्ये मावतो. पत्ते वगैरे धरून पॅकेट होतं ६० बाइटचं, आणि आयपीसेकच्या बोगद्यात शिरलं की जवळपास दुप्पट. अशी सेकंदाला ५० पॅकेट, दोन्ही दिशांना. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ किलोबिट होती, तेव्हा हा फरक जाणवायचा. आजच्या फायबरवर जाणवत नाही.

जाणवतो तो दुसरा प्रकार. अनेक हॉटेलं आणि ऑफिसं बाहेर जाणारं यूडीपी अडवतात, म्हणून कित्येक व्हीपीएन वेबसाइटच्या ४४३ क्रमांकाच्या दारातून, टीसीपीवर चालवले जातात. फाइलला फरक पडत नाही, पण आवाज पुन्हा यूडीपीच्या आधीच्या शिस्तीत जाऊन अडकतो. एक पॅकेट हरवलं की मागची सगळी त्याच्यासाठी खोळंबतात आणि मग एकदम धाडकन येऊन पडतात. ऐकणाऱ्याला आधी शांतता, मग घाईघाईने आलेले तुटक शब्द. वेग मोजला तर १०० मेगाबिट दिसतो, त्यामुळे सगळ्यांचाच गोंधळ उडतो. "आवाज तुटतो" असं कोणी सांगितलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: बोगदा यूडीपीवर आहे की टीसीपीवर?

भारतात या सगळ्याला कायद्याचीही बाजू आहे. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं, पण इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ पासून, तीही मर्यादित. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला, देशातल्या साध्या फोनवर नको. कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्याला घरून बसवायचं तर दूरसंचार विभागाच्या अटी जाचक होत्या: अनामत रक्कम, करारनामा, आणि परवानाधारक कंपनीकडूनच घेतलेला व्हीपीएन. मार्च २०२० मध्ये या अटी शिथिल झाल्या आणि कंपन्यांना स्वतः उभारलेला व्हीपीएन वापरता येऊ लागला. नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणीची अटही गेली.

त्याच मार्चमध्ये हिंजवडी, पवई, ऐरोलीत नोकरी करणारी नाशिकची कितीतरी मुलं लॅपटॉप घेऊन घरी आली. अंबडच्या कारखान्यांतलं डिस्पॅच आणि खरेदी खातंही घरून चालायला लागलं. एरवी चार-दोन साहेबांसाठी ठेवलेल्या व्हीपीएनवर अख्खं ऑफिस आलं, आणि तोवर कोणाला न दिसलेला एक दोष उघडा पडला. पाथर्डी फाट्यावरून डिस्पॅचवाला बाहेरच्या ग्राहकाशी नीट बोलतो, कारखान्याच्या गेटवरच्या एक्स्टेंशनशीही नीट बोलतो, पण गंगापूर रोडला घरी बसलेल्या खरेदीवाल्याला लावलं की दोन्हीकडे शांतता. घंटी वाजते, कॉल उचलला जातो, आवाज नाही. कारण आवाज थेट फोनकडून फोनकडे जायला बघतो, म्हणजे बोगद्यातल्या एका पत्त्यावरून बोगद्यातल्याच दुसऱ्या पत्त्याकडे. फायरवॉलचा नियम लिहिणाऱ्याने घरून ऑफिसात येणारी वाट उघडलेली असते. घरून घरी जाणाऱ्या वाटेचा विचार केलेला नसतो, कारण नियम लिहिला तेव्हा अशी दोन माणसं नव्हतीच. यावर दोन उपाय आहेत: ती वाट उघडायची, किंवा आवाज एक्स्चेंजमधूनच फिरवायला लावायचा. मी दुसरा सुचवतो. एक्स्चेंजवर ओझं वाढतं, पण पुढे तपास करायला एकच जागा उरते.

जेवणानंतर न वाजणाऱ्या फोनचं कारण साधं आहे. झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपतो, उठल्यावर बोगदा नव्या पत्त्याने जोडला जातो, पण एक्स्चेंजकडे जुनाच पत्ता नोंदलेला असतो. ही नोंद बऱ्याच ठिकाणी ३६०० सेकंदांची ठेवलेली असते. ती काही मिनिटांवर आणली की प्रश्न सुटतो.

अंतराचा प्रश्न मात्र सेटिंगने सुटत नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज वाटतं. काही परदेशी कंपन्यांचे सगळे बोगदे युरोपात जाऊन उघडतात. एक्स्चेंज पुण्यात असलं तरी कॉलेज रोडवरच्या माणसाचा आवाज फ्रँकफर्टला जाऊन परत येतो. सरळ रेषेत मोजलं तरी ते जाऊन-येऊन १३,००० किलोमीटर, म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशालाच ६५ मिलिसेकंद लागतात. समुद्रातल्या केबलचा मार्ग त्याहून लांब, आणि वर राउटर आणि आवाज क्षणभर साठवून ठेवणारा फोनमधला बफर यांचा वेळ. मग दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात. यावर एक तर मुंबईत गेटवे, म्हणजे बोगद्याचं तोंड, उघडावा लागतो, नाहीतर फोनची वाट बोगद्याबाहेर काढावी लागते. दुसऱ्या पर्यायाला सुरक्षा विभाग लगेच नकार देतो, आणि आवाज उघडा जाणार असेल तर तो नकार रास्तच आहे. पण आवाजाला स्वतःचं कुलूप लावणारं एसआरटीपी मार्च २००४ पासून प्रमाणित आहे, आणि निरोपाला कुलूप लावायला टीएलएस वापरता येतं. मी पाहिलेल्या बऱ्याच एक्स्चेंजमध्ये या दोन्ही सोयी आधीच होत्या, फक्त चालू केलेल्या नव्हत्या.