जुनी जनरेटर-रूम नव्याने लावताना : बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि चार्जर कुठे ठेवायचे

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, शहरातलं मंगल कार्यालय असो की पेठेतला जुना दवाखाना, जनरेटर-रूम बहुतेक ठिकाणी सारख्याच पद्धतीने भरत गेलेली दिसते. आधी जनरेटर आला. पुढे इन्व्हर्टर आला, तो मोकळ्या कोपऱ्यात बसला. बॅटऱ्या वाढल्या तशा त्या सायलेन्सरकडे सरकत गेल्या. सोलरचा कंट्रोलर आणि पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर जिथे भिंत मोकळी होती तिथे ठोकला गेला. कुठली वस्तू कुठे शोभते याचा विचार कुणी केलाच नाही, आणि मग चार-पाच वर्षं चालायला हवी ती बॅटरी दोन उन्हाळ्यांत बसते.

नवी बॅटरी घेण्याआधी जागा बदला, असं आम्ही ग्राहकांना सांगतो. त्याच जागी नवीन सेट ठेवला तर तोही तेवढ्याच वेळात जाईल.

पुढची उदाहरणं एका नेहमीच्या मांडणीवरून घेतली आहेत : बारा बाय दहा फुटांची खोली, २५ केव्हीएचा बिनकॅनॉपीचा (वर झाकणारी पेटी नसलेला) जुना जनरेटर, त्याची १२ व्होल्टची सेल्फची (इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीची) बॅटरी, ५ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) आठ ट्युब्युलर बॅटऱ्या, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेली ९६ व्होल्टची बँक. तुमच्याकडे दोनच बॅटऱ्या असतील तरी नियम हेच, आकडे तेवढे बदलतील.

उष्णता

बॅटरीचं आयुष्य २५-२७ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्यावर कायमचं १० अंश तापमान वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच पारा ४२-४३ च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये जनरेटर चालू असताना काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. गरम बॅटरीत पाणी लवकर आटतं आणि पॉझिटिव्ह प्लेटची जाळी लवकर गंजते. वर चार्जरने व्होल्टेज कमी केलं नाही तर ती ओव्हरचार्ज होते. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे सुमारे १८ मिलिव्होल्ट कमी लागतात. २७ अंशांना १३.६ व्होल्टचा फ्लोट (चार्ज झाल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) बरोबर असेल, तर ४२ अंशांना १३.३ पुरे. इन्व्हर्टरला तापमानाचा सेन्सर असेल तर तो बॅटरीच्या अंगाला चिकटवा. भिंतीवर लोंबकळत ठेवलेला सेन्सर भिंतीचं तापमान सांगतो.

खोलीची थंड बाजू कोणती? जनरेटरचा पंखा इंजिनावरून हवा ओढून रेडिएटरमधून पुढे ढकलतो. म्हणून रेडिएटरकडची बाजू गरम, आणि अल्टरनेटरकडची, जिथून हवा आत येते ती थंड. बँक थंड बाजूच्या भिंतीला लावा, पण अल्टरनेटरच्या अगदी तोंडासमोर नको. ॲसिडची वाफ वाइंडिंगवर जाते. सायलेन्सर आणि एक्झॉस्ट पाइप कुठल्याही बाजूला असला तरी त्याच्यापासून बॅटरी चार-पाच फूट लांब हवी, आणि पाइपावर ग्लासवूलचं आवरण हवं. जमत असेल तर जनरेटर आणि बँक यांच्यामध्ये चार इंची विटांची आडभिंत घाला. आमच्या मते खोलीत करण्यासारखा हा सगळ्यांत फायद्याचा खर्च आहे.

केबलची लांबी

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. उष्णतेपासून लांब न्यायचं म्हणून सेल्फची बॅटरीही बँकेच्या शेजारी नेऊन ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी जनरेटर नुसता ‘कट्-कट्’ करतो.

कारण साधं आहे. सेल्फ मारताना असं इंजिन ३०० अँपिअरच्या आसपास करंट ओढतं. ५० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल जाऊन-येऊन ३ मीटर असेल तर तिच्यात ०.३ व्होल्ट पडतात. तीच केबल जाऊन-येऊन १२ मीटर झाली की सव्वा व्होल्ट पडतात. सेल्फ मारताना बॅटरीच १०-१०.५ व्होल्टवर उतरलेली असते. त्यातून सव्वा व्होल्ट गेल्यावर सेल्फचा सोलेनॉइड (करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढून धरत नाही. ९६ व्होल्टच्या बँकेचं गणित याच्या उलट आहे. पूर्ण ४ किलोवॉट लोडला तिच्यातून ५० अँपिअरच्या आसपास करंट जातो, आणि २५ स्क्वेअर एमएमच्या १२ मीटर केबलमध्ये ०.४ व्होल्ट पडतात. ९६ मध्ये ते जाणवतही नाहीत.

म्हणून सेल्फची बॅटरी इंजिनाजवळच, एक-दीड मीटरच्या आत ठेवायची आणि बँक लांब न्यायची. सेल्फची बॅटरी थंड बाजूने, इंजिनाच्या फाउंडेशनला न टेकता, हूक-बोल्टने आवळून बसवा. सततच्या हादऱ्याने प्लेटवरचा मसाला झडतो आणि खाली साचून सेल शॉर्ट होतो.

दोनच बॅटऱ्यांची २४ व्होल्टची बँक असेल तर मात्र सांभाळून. १६०० वॉटच्या लोडला तिथे ७८ अँपिअर लागतात. १६ स्क्वेअर एमएमची केबल जाऊन-येऊन १२ मीटर केली तर एक व्होल्ट वाटेतच जातो. बॅटरीत जीव असूनही इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ दाखवून बंद पडतो आणि दोष बॅटरीला लागतो. अशा ठिकाणी केबल २५ किंवा ३५ स्क्वेअर एमएमची घ्या, नाहीतर इन्व्हर्टरही बँकेबरोबर हलवा.

बँकेतल्या एका बॅटरीवरून जनरेटरचा सेल्फ किंवा इमर्जन्सी दिवा जोडलेला असेल तर तो आजच काढा. ती एकच बॅटरी जास्त उतरते आणि चार्जिंग मात्र सगळ्यांना सारखंच मिळतं. सहा महिन्यांत ती बसते आणि बाकीच्या सातांनाही घेऊन बसते. शिवाय सेल्फची निगेटिव्ह इंजिनाच्या बॉडीला असते, त्यामुळे अख्खी ९६ व्होल्टची बँक लोखंडी सांगाड्याशी जोडली जाते.

वायू

चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की एका ठिणगीने पेट घेतो. ओव्हरचार्जच्या दर अँपिअर-तासाला एका सेलमधून सुमारे ०.४२ लिटर वायू निघतो. आठ बॅटऱ्यांचे ४८ सेल ५ अँपिअरवर उकळत राहिले तर तासाला १०० लिटर झाले. आपल्या खोलीत, उंची दहा फूट धरली तर, साधारण ३४ हजार लिटर हवा मावते. १ टक्क्याच्या आत राहायचं म्हटलं तर खोली बंद असताना साडेतीन तासही मिळत नाहीत. त्यात हायड्रोजन सगळीकडे सारखा पसरत नाही, स्लॅबखाली आणि तुळयांच्या खाचेत आधी साचतो.

‘जनरेटरला एवढ्या मोठ्या खिडक्या आहेत, हवा भरपूर आहे’ हे उत्तर आम्हाला नेहमी मिळतं. पण हवा जोरात फिरते ती जनरेटर चालू असतानाच. बॅटरी वायू सोडते लाइट आल्यावर, चार्जिंग पूर्ण होत आलं की, आणि तेव्हा जनरेटर बंद असतो. म्हणून बँकेसाठी वेगळा झरोका हवा : एक खाली, जमिनीपासून फूटभर वर, आणि एक समोरच्या भिंतीत स्लॅबला लागून. एक्झॉस्ट फॅन लावायचा तर तो खालच्या झरोक्यात, हवा आत ढकलणारा लावा. वरच्या झरोक्यात लावला तर पेटणारा वायू थेट त्याच्या मोटारीवरून जातो.

बॅटरीच्या बरोब्बर वर काहीही नको. इन्व्हर्टर नको, स्विचबोर्ड नको, मोटारीचा स्टार्टर तर नकोच, कारण त्याचा कॉन्टॅक्टर रोज ठिणगी पाडतो. ॲसिडच्या वाफेने पीसीबीवरचे (आतल्या सर्किट बोर्डवरचे) ट्रॅक हिरवे पडून तुटतात, हे आम्हाला उघडलेल्या इन्व्हर्टरमध्ये सारखं दिसतं. इन्व्हर्टर बाजूला, तीन फूट अंतरावर, छातीच्या उंचीला, चारी बाजूंनी सहा इंच मोकळा ठेवा. डिझेलची टाकी आणि फिल्टर बँकेपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पाणी साठवायची टाकी किंवा बॅरल याच खोलीत असेल तर बँक त्यापासून लांब ठेवा. पाणी सोडायच्या दिवशी ते ओसंडून वाहणारच, हे धरून चला.

स्टँड आणि फरशी

भरलेली १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी ५० ते ६० किलोची असते. आठांचे झाले साडेचारशे किलोच्या आसपास. लोखंडी अँगलचा, ॲसिडप्रूफ रंग दिलेला स्टँड करा. दोन बॅटऱ्यांमध्ये इंचभर आणि भिंतीपासून चार इंच जागा सोडा. जागा असेल तर एकाच ओळीत लावा. दुमजली स्टँडवर वरची ओळ नेहमी जास्त तापते. तरीही दुमजली करावाच लागला तर खालच्या बॅटरीवर निदान फूटभर मोकळं ठेवा, नाहीतर पाणी घालायला आणि हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायचं साधन) लावायला हातच जाणार नाही, आणि हात जात नाही तिथलं पाणी कधी कुणी बघत नाही.

आपल्याकडे खाली बहुतेक शहाबादी फरशी असते. ती चुनखडीचा दगड आहे. ॲसिडचा थेंब पडला की फसफसते आणि खड्डा पडतो. स्टँडखाली प्लॅस्टिकचा ट्रे किंवा जाड रबर मॅट घाला. जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते असं मात्र नाही. आजच्या प्लॅस्टिक डब्यांना ते लागू नाही.

लूमशेजारी खोली असेल तर सुताची फूस (बारीक तंतू) बॅटरीवर बसते. ॲसिडच्या वाफेने ती ओली झाली की दोन टर्मिनलमध्ये करंटची वाट तयार होते आणि बॅटरी पडल्या-पडल्या उतरते. आठवड्याला कोरड्या, आणि महिन्याला खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसा. सोडा व्हेंट प्लगमधून आत जाऊ देऊ नका.

हलवायच्या दिवशी

आदल्या दिवशी बँक पूर्ण चार्ज करा. प्रत्येक सेलमधल्या ॲसिडचं गुरुत्व हायड्रोमीटरने बघून वहीत लिहा. ट्युब्युलरला पूर्ण चार्जला १.२४० च्या आसपास यायला हवं. एखाद्या सेलमध्ये इतरांपेक्षा ०.०३० हून जास्त फरक असेल तर ती बॅटरी नव्या जागी नेण्यात अर्थ नाही. मात्र आठात एकच नवी घालू नका, जुन्यांच्या जोडीने तीही लवकर जाते.

सकाळी चार्जर बंद करून तासभर झरोके उघडे ठेवा. अंगठी, घड्याळ, कडं काढा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. १५० एएचची बॅटरी शॉर्ट झाली तर हजार अँपिअरच्या वर करंट देते आणि पाना टर्मिनललाच चिकटतो. आधी लोड बंद, मग मेन सप्लाय, मग इन्व्हर्टर, मग डीसी एमसीबी (बँक आणि इन्व्हर्टरमधला ब्रेकर). त्यानंतर बॅटऱ्या एकमेकींना जोडणाऱ्या लिंकांपैकी मधली आधी सोडा, चौथ्या आणि पाचव्या बॅटरीमधली. बँक ४८-४८ व्होल्टच्या दोन तुकड्यांत येते आणि शॉक बसण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. सेल्फच्या बॅटरीला आधी निगेटिव्ह सोडा, जोडताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरी दोघांनी उचला, तिरकी करू नका.

जोडताना मधली लिंक शेवटी. लग (केबलच्या टोकाचे जोड) क्रिम्पिंग मशिनने दाबलेले हवेत. हातोड्याने चेपलेला लग उन्हाळ्यात सैल होतो. टर्मिनल शिशाचं असतं, लांब पाना लावून पिळू नका. घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

एमसीबी चढवण्याआधी मीटर लावा. आठ चांगल्या बॅटऱ्यांची बेरीज १०० ते १०२ व्होल्ट येते. ७५ च्या आसपास आली तर एक बॅटरी उलटी जोडली गेली आहे. बेरीज बरोबर आली तरी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघूनच पुढे जा. मग १०० वॉटचा साधा तारेचा बल्ब बंद एमसीबीच्या दोन्ही टोकांना काही सेकंद लावा. इन्व्हर्टरचे कपॅसिटर भरताना तो क्षणभर उजळतो आणि विझतो. मगच एमसीबी चढवा, म्हणजे ठिणगी उडत नाही. बल्ब पेटलेलाच राहिला तर थांबा, कुठेतरी चूक आहे. एमसीबी डीसीचाच हवा. घरगुती एसी एमसीबी ९६ व्होल्टच्या डीसीवर आर्क तोडू शकेल याची खात्री नसते, आणि तो आतल्या आत जळतो.

ॲसिड डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. सोडा डोळ्यात घालू नका.

त्यानंतर

अर्ध्या तासाच्या पूर्ण लोडनंतर इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळ्या लिंक बघा. एखादी बाकीच्यांपेक्षा १०-१५ अंश गरम असेल तर ती सैल आहे. आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा तपासा, शिसं दबतं. मार्च ते जूनमध्ये पाणी महिन्याला बघा. घालायचं ते डिस्टिल्डच, आणि चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं आधी घाला. बोअरचं, आरओचं किंवा एसीतून गळणारं पाणी नको. ॲसिड तर कधीच घालू नका, सेलमधून पाणी आटतं, ॲसिड आतच राहतं.

जनरेटर आठवडेच्या आठवडे बंद असतो, त्यामुळे सेल्फच्या बॅटरीला छोटा १२ व्होल्टचा फ्लोट चार्जर लावून ठेवा. आठवड्यातून एकदा जनरेटर लोडवर पंधरा मिनिटं चालवा, आणि त्याचा धूर झरोक्यातून परत आत येत नाही ना ते त्या वेळी बघा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काढलेल्या बॅटऱ्यांचं ॲसिड गटारात ओतू नका. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे त्या नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हव्यात. ॲसिडसकट आमच्याकडे आणा, वजन करून बिलातून वजा करतो. मांडणीसाठी आम्हाला बोलावण्याआधी खोलीची लांबी-रुंदी, दारं-खिडक्या, रेडिएटर आणि सायलेन्सरची दिशा कागदावर काढून ठेवा आणि दुपारी दोन वाजता जनरेटर चालू असताना खोलीत थर्मामीटर लावून आकडा लिहून ठेवा.