देवाच्या संरक्षणातून माणूस बाहेर पडू शकतो का? वादाची पार्श्वभूमी

मोहाला नाही म्हणायचं आणि देवाच्या छायेत राहायचं, ऐकायला अगदी सरळ वाटतं. पण आपण मोह टाळतो म्हणून देव सांभाळतो, की देव सांभाळतो म्हणून मोह टाळता येतो, यावर चर्चमध्ये शेकडो वर्षं भांडणं चालू आहेत. बायबलमधलं यहूदाचं पत्र जेमतेम २५ वचनांचं. २१व्या वचनात स्वतःला देवाच्या प्रीतीत राखा म्हटलंय आणि २४व्यात तुम्हाला पडण्यापासून राखायला देव समर्थ आहे असं म्हटलंय, त्यामुळे जो तो आपल्या सोयीचं वचन उचलतो.

सुरुवातीचा काळ पटकन उरकतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंनी मोहात पाडणाऱ्या आठ विचारांची यादीच केली होती, खादाडपणापासून गर्वापर्यंत. ४१८ ला कार्थेजला भरलेल्या बिशपांच्या सभेने ठरवलं की कृपेशिवाय माणसाला पाप टाळता येत नाही. ५२९ ला ऑरेंजच्या सभेने म्हटलं की संतांनीसुद्धा शेवटपर्यंत टिकायला देवाची मदत मागतच राहिलं पाहिजे. मग १५४७ ला ट्रेंटमध्ये कॅथलिक चर्चच्या सभेत ठरलं की मी नक्की शेवटपर्यंत टिकणार, असं खास प्रकटीकरणाशिवाय कोणी छातीठोकपणे म्हणायचं नाही.

खरी गंमत मात्र हॉलंडमध्ये झाली. १६१० ला तिथल्या चाळीसच्या वर पाळकांनी सरकारला एक निवेदन दिलं, पाच कलमांचं. पाचवं कलम नीट वाचण्यासारखं आहे. त्यात आधी म्हटलंय की खऱ्या विश्वासणाऱ्याला सैतान, पाप, जग आणि स्वतःचा देह यांच्याशी लढायची ताकद मिळते, ख्रिस्त प्रत्येक मोहात हात देतो, फक्त माणूस लढायला तयार हवा आणि आळशी नको. योहान १०:२८ मधलं येशूचं वाक्य पण दिलंय, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही. आणि मग प्रश्न येतो, की तोच माणूस स्वतःच्या निष्काळजीपणाने बाहेर पडू शकतो का? त्यावर ते सरळ म्हणतात की हे शास्त्रातून अजून नीट तपासायला हवं, तोवर आम्ही ठामपणे शिकवणार नाही. मला विचाराल तर या सगळ्या भांडणातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य हेच.

पण ते टिकलं नाही. सिनॉडपुढे, म्हणजे चर्चच्या अधिकृत सभेपुढे, उभं राहायची वेळ आली तोवर त्यांचंही मत पक्कं झालं होतं, की हो, पडू शकतो. डॉर्डरेख्टचा सिनॉड नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ चालला, इंग्लंड आणि जर्मन, स्विस भागातून प्रतिनिधी आले होते, आणि जानेवारीत अध्यक्षांनी या पाळकांना चक्क बाहेर घालवलं, म्हणजे खरा विश्वासणारा कायमचा बाहेर पडत नाही, हा पुढचा निकाल आरोपींच्या गैरहजेरीतच लागला. साधारण २०० पाळकांची पदं गेली. राजकारण तर एवढं मिसळलेलं की त्यांच्या पाठीशी असलेल्या सगळ्यात मोठ्या मुत्सद्द्याचं मे १६१९ ला देशद्रोहाच्या आरोपाखाली डोकंच उडवलं.

तरी निकालाचा मजकूर लोक समजतात तेवढा कोरडा नाही. पाचव्या प्रकरणात १५ कलमं आहेत. चौथ्यात दावीद आणि पेत्राचं उदाहरण देऊन कबूल केलंय की विश्वासणारे भयंकर पापात पडू शकतात, म्हणून जागे राहा आणि प्रार्थना करा. पाचवं कलम म्हणतं की अशा वेळी कृपेची जाणीव काही काळ हरवूही शकते. म्हणजे संरक्षण जात नाही, ते जाणवणं जातं. बोध आणि इशारे हीसुद्धा देवाची सांभाळायची साधनंच, असं चौदाव्यात येतं.

पुढच्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट या नव्या प्रॉटेस्टंट चळवळीतल्या मंडळींना हे पटलं नाही, पडू शकतो म्हणूनच रोजची काळजी घ्या असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर १७३८ च्या त्यांच्या नियमांत छोटे गट दर आठवड्याला भेटायचे आणि प्रत्येकाला विचारलं जायचं, मागच्या भेटीनंतर कुठले मोह समोर आले? त्यातून सुटका कशी झाली? बचावलात की नाही याच्या नुसत्या चर्चेपेक्षा हे कितीतरी कामाचं.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या काही सेमिनारमधून छत्रीचं चित्र फिरलं. वर ख्रिस्ताची छत्री, खाली नवऱ्याची, त्याखाली बायको आणि मुलं, आज्ञा मोडली की छत्रीबाहेर आणि मग सैतानाला रान मोकळं. इथे मोह आणि पाप बाजूला राहून प्रश्न वरच्या माणसाचं ऐकण्याचा झाला, जे १६१० च्या निवेदनातही नव्हतं आणि १६१९ च्या निकालातही नाही. छळाच्या तक्रारी आल्यावर हे सेमिनार घेणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने २०१४ ला राजीनामा दिला, चित्र मात्र अजून फॉरवर्ड होतंय.

२०२० ला साथीत स्तोत्र ९१ घरोघरी वाचलं गेलं, पीडा तुझ्या तंबूजवळ येणार नाही म्हणून. काही ठिकाणी त्याच जोरावर चर्चमध्ये गर्दी भरवली. त्यावर इतर पाळकांनी दाखवून दिलं की मंदिराच्या टोकावर सैतानाने येशूला याच स्तोत्राची ११वी आणि १२वी वचनं ऐकवली होती, उडी मार म्हणून.